पाण्याच्या घंटेला उठलेली यमू

“यमूचं नाव पटावरून काढा,” हेडमास्तर म्हणाले. “सुटीनंतर ती पुन्हा सगळं विसरून येणार.”

गिरगावातल्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा शिकवत होते. नऊ वर्षांची यमू कुणाकडे पाहत नसे. ‘जेवलीस का?’ विचारलं तर ‘जेवलीस का?’ म्हणे. पण घंटेबरहुकूम प्रार्थना, पाटी, पाणी, शिवण सगळं चोख करी. सुटीत तो क्रम तुटे. मग किंचाळणं, स्वतःचा हात चावणं. मागच्या उन्हाळ्यात चाळीतल्या लोकांनी भूत उतरवायला देवर्षी आणून तिला मिरच्यांची धुरी दिली होती. जूनमध्ये ती बाराखडीही विसरून आली.

“सुटीत मी तिची शाळा चालू ठेवते,” मी म्हटलं.

“शाळेची घंटा मिळणार नाही.”

“ठेवा तुमच्याकडेच.”

यमूच्या चाळीतल्या गॅलरीच्या भिंतीवर मी रोज सकाळी कोळशाने चित्रं काढू लागले: पाटी, तांब्या, सुई, ताट. घंटेऐवजी पितळी परात वाजवायची. काम झालं की यमू ते चित्र ओल्या फडक्याने पुसे.

शेजारीण म्हणाली, “बाई, आमच्या ह्यांनापण बसवा की. ताटाचं चित्र बरोब्बर ओळखतील.”

पहिल्या रविवारी मी घरीच राहिले. संध्याकाळी यमूची आई दारात. “बाई, सकाळपासून त्या कोऱ्या भिंतीपुढे उभी आहे. हात रक्ताळलाय.” चूक माझी होती. त्यानंतर रविवारचीही चित्रं काढली.

जूनमध्ये डेप्युटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, यायचे होते.

“त्या दिवशी यमूला घरी ठेवा,” हेडमास्तर म्हणाले.

“तिचं नाव अजून पटावर आहे. ती येईल.”

डेप्युटींचं भाषण रंगात आलं आणि अकराची घंटा झाली. पाण्याची. भाषण थांबेना. यमू उठली, पाटी जागेवर ठेवली आणि त्यांच्या समोरून माठाकडे गेली. हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

“ही कुठे चालली?” डेप्युटींनी विचारलं.

“पाणी प्यायला,” मी म्हटलं. “टाइमटेबल मागे भिंतीवर आहे, साहेब. खाली सही आपलीच आहे.”

त्यांनी वळून पाहिलं. “बाराखडी येते हिला?”

“येते. पण मध्ये थांबवता येणार नाही.”

यमू परत आली आणि ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत म्हणून गेली. ‘ग’लाच डेप्युटींनी ‘पुरे’ म्हणून हात वर केला होता. तिने तो पाहिला नाही.

नाव पटावर राहिलं. पुढच्या वर्षी डेप्युटींनी भाषण अकराला पाच कमी असताना संपवलं. क्रमाची सवय अधिकाऱ्यांनाही लागते. आधी कुणाला तरी उठावं लागतं.