कात्रीआबांच्या चार गोळ्या

हातात कात्री नसली की आबा ओळखूच यायचे नाहीत. विट्यात स्टँडजवळ त्यांचं मेडिकल. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत नुसत्या खोकल्यावरून त्यांनी रोग ठरवलेला असायचा आणि पाकीट कापून चार गोळ्या पुढं सरकवलेल्या. चिठ्ठी त्यांनी जन्मात कुणाकडं मागितली नाही. "डॉक्टरकडं दिवस कशाला घालवतीस? मी हाय की!"

माणूस लाख, हे कबूल केलंच पाहिजे. बाळंतिणीच्या घरी औषध स्वतः सायकलवरून पोचवायचे. मेंढरं घेऊन लांब निघालेल्यांना तर वाटेसाठी कॅप्सूलची पुडी बांधून द्यायचे. "रानात कुठनं आणशील डॉक्टर?" लोक त्यांच्या पाया पडायचे. मीही पडलेय. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्यांचा एक नेम होता. उतार पडला की गोळी बंद! "लय गरम असत्यात त्या. बरं वाटलं की सोडायच्या, वरनं ताक प्यायचं." माझ्या आईला लघवीला जळजळ व्हायची. लाजेपोटी ती डॉक्टरकडं जायची नाही. आबांना नुसतं "तेच द्या" म्हणायची, की चालली कात्री. दोन दिवस गोळ्या, मग ताक, आणि बाई पुन्हा रानात भांगलणीला, तण काढायला. वर्षानुवर्षं हेच. एखादी गोळी उरलीच तर पुढच्या खेपेला म्हणून फडताळात.

मग एकदा जळजळीबरोबर तिला ताप भरला, तो हटेचना. सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या तपासणीचा कागद माझ्यापुढं धरला. एकाखाली एक औषधांची नावं, आणि जवळजवळ सगळ्यांपुढं एकच शेरा: लागू पडत नाही. "अर्धवट गोळ्या खाऊन खाऊन जंतू निर्ढावलेत," त्या म्हणाल्या. लागू पडणारं एक इंजेक्शन तेवढं उरलं होतं. ते चालू केलं, पण तोवर उशीर झाला होता. पाचव्या दिवशी आई गेली.

दहाव्याला आबा आले. त्यांना काय काय बोलायचं ते मी आठवडाभर मनात घोळवत होते. पण म्हातारा उंबऱ्यातच हमसून रडायला लागला. आईला ते बहीण मानायचे. तरी मी मन घट्ट करून म्हटलं, "आबा, त्या अर्धवट गोळ्यांनीच आई गेली."

"व्हय गं पोरी," डोळे पुसत ते म्हणाले. "गोळीत पयल्यासारखी पॉवरच न्हाई राहिली."

मग खिशातून कागद आणि पेन काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"सांगलीत शेवटाला कुठलं इंजेक्शन दिलं, त्याचं नाव लिहून दे. मागवून ठेवतो. आपल्या माणसांना इथंच मिळंल."