बारावी समकक्ष

मी पनवेलच्या एका कॉलेजात पात्रता विभागात बसते. कुठल्या मंडळाची बारावी चालते आणि कुठली नाही, हे तपासायचं माझं काम. खोटा शिक्का मला नुसत्या बोटांना कळतो, असं आमचा शिपाई सांगत फिरतो. आणि याच बाईला स्वतःच्या भाचीच्या शाळेचा एक कागद बारा वर्षांत एकदाही बघावासा वाटला नाही.

माझा थोरला भाऊ करंजाड्यात राहतो. सरकारी प्रकल्पात आमची शेतं गेली, बदल्यात प्लॉट मिळाले, बिल्डर आले, आणि गावातली पोरं बुलेट आणि बिअर बारच्या नादी लागलेली बघून दादा घाबरला. तेवढ्यात त्याला एक महाराज भेटले. त्यांच्या आश्रमात मुलींसाठी निवासी विद्यालय होतं. "तिथं बाहेरच्या जगाचा वारा लागू देत नाय," दादा कौतुकानं म्हणाला. भाची तेव्हा सहा वर्षांची. काही वर्षांनी तिच्या मागोमाग धाकटीही गेली. संस्कार तरी होतील, असं मीच म्हटलं होतं. प्रवेशाच्या दिवशी पंगतीला बसून शिरापुरी खाऊन आले. शाळा कुठल्या बोर्डाची, एवढं विचारायला तोंड रिकामं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये दादा थोरलीला घेऊन आला. खिडकीवरची रांग सोडून मागच्या दारानं, कारण आत सख्खी बहीण. तिला बी.ए. करून शिक्षिका व्हायचं होतं. भगव्या फाइलमध्ये जाड कागदावरचं प्रमाणपत्र होतं. वर महाराजांचा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरांत 'बारावी समकक्ष'. समकक्ष कोणी ठरवलं? ज्यांनी छापलं त्यांनीच.

काय काय शिकलीस, मी विचारलं. तिनं सरळ सांगितलं. स्तोत्रं, यज्ञविधी, गोसेवा. गणित शेकडेवारीपर्यंत. इंग्रजी पाचवीनंतर बंद. विज्ञानाच्या पुस्तकातली शरीराची पानं खळ लावून एकमेकांना चिकटवलेली. इतिहासात कोणी आपल्यावर आक्रमण केलं तेवढं पाठ, पुढचं काही नाही. आमच्या घरातली हाय-नायची बोलीसुद्धा त्यांनी तिच्या तोंडून धुऊन काढली होती. पोर हुशार आहे हो, याचाच मला संताप येतो. हजार श्लोक पाठ करणाऱ्या डोक्याला त्यांनी एक प्रश्न विचारायला शिकवला नव्हता. निदान मला तसं वाटलं.

मी फाइल घेऊन प्राचार्यांकडे गेले. आश्रमाच्या उत्सवाला कोणकोण मोठी माणसं येतात हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "हमीपत्र घ्या आणि प्रवेश देऊन टाका." हमीपत्र म्हणजे 'पात्रता नंतर सिद्ध करेन' असं लिहून द्यायचं. एकदा मूल आत बसलं की पुढे कोणीतरी फोन करतं, कोणीतरी ऐकतं, आणि प्रकरण मिटतं. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हमीपत्रांवर नाक मुरडलं होतं. त्या दिवशी मात्र टेबलाशी येऊन मुकाट्यानं कोरा कागद पुढे ओढला. दादाचा चेहरा खुलला.

भाची म्हणाली, "आत्या, पाणी कुठे मिळेल?" मी तिला पॅसेजमध्ये नेलं. पाणी न पिताच ती म्हणाली, "माझा अर्ज नामंजूर करा. लेखी द्या."

"वेडी आहेस का? वर्ष जाईल तुझं."

"माझी बारा गेलीच आहेत. तुम्ही हे प्रमाणपत्र चालवून घेतलंत, तर बाबा धाकटीला कधीच घरी आणणार नाहीत. ती दोन दिवाळ्या परत जाताना रडतेय. ती दहा वर्षांची आहे, आत्या."

मी टेबलाशी परतले आणि लिहिलं, सदर प्रमाणपत्र मान्यताप्राप्त मंडळाच्या बारावीशी समकक्ष नसल्याने अर्ज अपात्र. खाली सही केली, शिक्का मारला. प्राचार्यांनी नंतर मला फैलावर घेतलं, ते असो. दादानं कागद दोनदा वाचला. "बहीन असून पोरीच्या वाटेत आडवी आलीस," एवढंच बोलला. भाची खाली मान घालून उभी होती. तिनं सांगितलं म्हणून मी लिहिलं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. भाऊबीजेला तो आला नाही.

विद्यापीठांनी असल्या शाळांना मान्यता द्यावी का, यावर स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाद झडतात. मुलांचा काय दोष, दार उघडं ठेवायला हवं, असं मऊ मनाची माणसं म्हणतात. मुलांचा दोष नाहीच. पण त्या उघड्या दारातून महाराज आधी आत येतात, हे त्यांना कोण सांगणार?

त्याआधी ऑगस्टमध्येच दादाचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. पळस्प्याच्या पुढे निघालेल्या एका नव्या कॉलेजची प्रवेशयादी. तिच्यात भाचीच्या वर्गातल्या सहा मुली होत्या, त्याच आश्रमाच्या, तेच प्रमाणपत्र दाखवून आलेल्या. फोटोखाली दादानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. भाचीलाही तिकडे घालतो असं तो घरी म्हणाला होता, पण ती गेली नाही. तिनं दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. घरी एकटीच बसून अपूर्णांकांपासून सुरुवात केली आहे.

धाकटीला दादानं आश्रमातच पुढच्या वर्गात घातलं.