आंघोळ घातलेला उंदीर

साप जेवत नव्हता तो माझ्यामुळे, आणि मी मात्र तो दोष माझ्या बारा वर्षांच्या मुलीवर टाकून मोकळा झालो होतो. खरं काय ते कळल्यावरही काही दिवस गप्पच राहिलो.

२०२०चा उन्हाळा होता. कोरोनामुळे डब्लिनमधलं चेरीवूडचं ऑफिस बंद, सगळे घरून काम करत होतो. ऑफिसातली एक सहकारी डब्लिनची भाड्याची खोली सोडून एनिसला आईवडिलांकडे राहायला निघाली होती. तिच्या आईने बजावलं होतं, एकतर तू ये नाहीतर तुझा साप. ती हे व्हिडिओ कॉलवर सांगत असताना माझ्या मुलीने मागे उभं राहून ऐकलं, हट्ट धरला, आणि क्लोनडॉकिनमधल्या आमच्या शाकाहारी घरात काचेच्या पेटीतून एक केशरी, बिनविषारी कॉर्न स्नेक दाखल झाला.

सहकारिणीने सांगितलं होतं, तो फ्रीझरमधले मेलेले उंदीर खातो. उंदीर पिशवीतच कोमट पाण्यात ठेवायचा आणि चिमट्यात धरून त्याच्यापुढे हलवायचा. महिनाभरात खाल्लं नाही, तर मात्र ती त्याला दुसऱ्या कुणाकडे देणार होती.

त्या दिवसांत आम्ही केळ्यांपासून दुधाच्या डब्यांपर्यंत सगळं धुऊनच घरात घेत होतो. मग उंदीर तसाच कसा घेणार? मी उभ्या आयुष्यात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. हातमोजे चढवून, श्वास रोखून, मी तो भांड्यांच्या साबणाने चोळून धुतला आणि टिश्यूने टिपून सापापुढे धरला.

सापाने तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यातही तेच.

फेब्रुवारीत आलेल्या आणि विमानं बंद झाल्याने अडकलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, वाटीभर दूध ठेवून बघा की."

"आई, साप दूध पीत नाहीत."

"मग उंदीर तरी कुठे खातोय मेला!"

मी चिडलो होतो. मुलीला म्हणालो, "तू त्याला सारखी हातात घेतेस, म्हणून घाबरलाय तो. लांब राहा बघू."

"बट आय ओन्ली हेल्ड हिम वन्स, बाबा."

त्यानंतर ती त्या खोलीत पाऊलही टाकेना. दारात बसून लांबूनच त्याच्याकडे बघायची. महिना संपत आला होता.

एका दुपारी सिंकपाशी सासूबाईंनी मला रंगेहाथ पकडलं.

"अगं बाई! उंदराला आंघोळ?" त्यांनी नाकाला पदर लावला, मग कुतूहल आवरेना म्हणून जरा बाजूला केला. "लिंबाचा घमघमाट सुटलाय. असलं मला वाढलंत तर मीही उठून जाईन."

मी सहकारिणीला फोन केला. "यू वॉश्ड इट?" एवढं म्हणून ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. साप भक्ष्य वासावरून ओळखतो, आणि तो वासच मी धुऊन टाकत होतो.

पुढचा उंदीर न धुता नुसता कोमट करून धरला. सापाची जीभ लवलवली, त्याने मान मागे घेतली आणि झडप घातली. मी चिमटा टाकून ओरडलो. सासूबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "चावत पण नाही हो हा! अपचन होईल अशानं."

मुलगी दारातूनच बघत होती. चेहरा फुलला होता, पण ती आत आली नाही. "सी? मी लांब राहिले म्हणून खाल्लं त्याने."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चिमटा धुवायला निघून गेलो. स्वयंपाकघरात त्या हळूच म्हणाल्या, "मी नाही सांगायची तिला. तुमचं तुम्ही सांगा."

तरी चार दिवस मी टाळलं. रविवारी मात्र तिच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसलो आणि सगळं सांगितलं.

"यू गेव्ह द माऊस अ बाथ?" ती उशीत तोंड खुपसून हसायला लागली. मलाही हसू आलं. त्या हसण्यात सगळं मिटवून उठता आलं असतं, आणि मी अर्धा उठलोही होतो. पण परत बसलो.

"तुझ्यामुळे काहीही झालं नव्हतं," मी म्हणालो. "उगाच तुला दोष दिला, आणि माझी चूक कळल्यावरही तुला तसंच दारात बसू दिलं. चुकलं माझं, बाळा. मला माफ कर."