शेवंता आणि मागावरचा धोटा

अंगात येणं, करणी, उतारा... यातलं मला काहीच पटत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढ्या अकलेवर माझं भागलं. तरी पवनीत आमच्या घरी जे झालं ते मला अजून उलगडलेलं नाही.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. माझी धाकटी नणंद शेवंता दिघोरीला दिलेली. माहेरी येताना वैनगंगेत डोंगा उलटला. तिला लोकांनी ओढून काढलं, पण कडेवरची पोर हातातून सुटली ती सुटलीच. तेव्हापासून शेवंता पाण्यात पाय घालेना. नुसतं पाणी ओतल्याचा आवाज आला तरी ओरडायची. धानाच्या गावात बांधीत, पाण्याने भरलेल्या शेतात, न उतरणारी बाई कोणाला हवी? जावई तिला आणून सोडून गेला. ओसरीवर चहा पितापिता म्हणाला, "रोवणीपर्यंत बरी झाली तं पाठवा. नाही तं मी दुसरी पाहतो."

सासूबाईंनी मांत्रिक आणला. त्या शहाण्याने तिच्या तोंडावर पाणीच मारलं. मग काय, घरभर किंचाळ्या.

मी वैतागले. घरचं करू की हिला धरून बसू? शेजारी गणपतभाऊ कोष्टी पातळं विणायचे. म्हटलं, "भाऊ, दुपारी हिले तुमच्या मागाजवळ बसवतो."

"बसू द्या. सुताले हात नको लावू देऊ, बस."

आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे... आणि शेवंताचे डोळे त्याच्या मागे. मान हलायची नाही, नुसते डोळे. मी दाराशी तांदूळ निवडत होते. एके दिवशी ती बोलायला लागली — डोंगा, पाणी, सुटलेला हात. घामाघूम होऊन रडली. गणपतभाऊंनी घाबरून माग थांबवला, तर म्हणते, "थांबू नका जी. चालू ठेवा."

मग रोज तेच. रडणं मात्र कमी होत गेलं.

"किती डाव तेच सांगशील वो शेवंता? कान किटले माझे."

"वहिनी, आधी मी पाण्यातच राहत होती. आता काठावरून पाहून राहिली."

रोवणी लागली तेव्हा ती आमच्याच बांधीत उतरली. आधी बांधाजवळच राहिली, मग धानाचे पऱ्हे रोवत आत गेली. जावई घेऊन गेला. मांत्रिक कोंबडा मागायला आला — म्हणे, त्याचाच उतारा लागला. मी म्हटलं, "थांबा, लोटाभर पाणी आणतो तुमच्या तोंडावर माराले." गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी नातीचा अपघात झाला. नागपूरच्या डॉक्टरीणबाई तिच्या डोळ्यांसमोर बोटं हलवायच्या आणि अपघात आठवायला लावायच्या. नातीला फरक पडला. मी विचारलं, "काहून होते हे?" त्या म्हणाल्या, "आजी, फायदा होतो एवढं नक्की. नेमका कसा होतो, यावर आमच्यातही वाद आहेत." एवढं शिकून हे उत्तर.

शेवंताला एकदा विचारलं, पोर आठवते का? म्हणाली, "रोज. आधी सुटलेला हातच दिसे. आता चिखलात लोळतानाही दिसते, माह्या हातचा मार खातानाही."

लाकडाच्या धोट्याने हे कसं केलं, मला ठाऊक नाही. गणपतभाऊंना तेव्हाच विचारलं होतं. ते म्हणाले, "मले काय माहीत, वहिनी. मी तं पातळ विनत होतो."