म्हसोबाला मुखवटा बसेना

आधीच सांगते, मी देवभोळी नाही. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली तर गाडी त्यावरूनच नेते. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. पार्ट मापात आहे की नाही एवढं बघायचं, चमत्कार वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांसाठी... असं मागच्या वर्षापर्यंत म्हणायचे.

आमचं गाव चाकण एमआयडीसीतच. शेतं गेली, कंपन्या आल्या, पण शिवेवरचा म्हसोबा हलला नाही. दोन कंपाउंड भिंतींच्या मधे, पत्र्याखाली, शेंदूर फासलेला हातभर उंचीचा दगड — एवढंच देऊळ. देव कडक. शिवार राखायचा, खोटी शपथ घेणाऱ्याला सोडायचा नाही, असं म्हणतात. कंपनीवाल्यांनी भिंत वाकडी बांधली, पण त्याला हात लावला नाही. आजही नवीन मशीन आलं की पहिला नारळ तिथेच फुटतो, मॅनेजर कुठल्याही राज्यातला असो.

गेल्या वर्षी माझा मोठा भाऊ, दादा, कामावरून येताना बाइकवरून पडला. डोक्याला मार. चिंचवडच्या हॉस्पिटलात होता, शुद्धच नाही. आमचे वडील, अण्णा, म्हसोबाला चांदीचा मुखवटा बोलले. नवस काम झाल्यावर फेडतात, पण अण्णांना धीर कुठला! म्हणाले, "आदीच दिऊ. मंग त्याला न्हाई म्हनता येनार न्हाई."

मी वैतागले, पण माप घ्यायचं काम माझ्याकडेच आलं. कंपनीत परवानगी काढून पार्टची मापं घ्यायचा स्कॅनर नेला. पुजारी कोंडिबामामा कुरकुरले, "द्येवाला मापू नये, ताई." मी हसले. त्या मापावर सराफाने मुखवटा घडवला. रविवारी सकाळी चढवायला गेलो — बसेना! चार मिलिमीटर कमी.

चूक माझीच असणार. मामांकडून शेंदूर उतरवून घेतला, उघडा दगड पुन्हा मोजला. आता रुंदी पहिल्यापेक्षा जास्त. सराफाने मुखवटा मोकळा केला... पुन्हा चार कमी. स्कॅनर तपासून आणलेला, शेंदूर नाही, दगड काही उन्हाने फुगत नाही. तिसऱ्यांदाही तेच. अण्णा मुखवटा दाबत राहिले, कडेने बोट कापलं. मामांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. घेत न्हाई तो."

"का घेत न्हाई? काय कमी पडलं माजं?" अण्णा देवावर ओरडले. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. दादा उठणार नाही, असं डॉक्टरांनी सांगूनही पटलं नव्हतं, ते तिथे पटलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी दादा गेला.

तेरावं झाल्यावर अण्णा म्हणाले, "मुखवटा घरात बघवत न्हाई. त्याच्याम्होरं ठिवून येऊ." मी सोबत गेले. ठेवण्याआधी त्यांनी तो सहज दगडाला लावला. जोर लावावा लागला नाही. कडेतून कागदही जाणार नाही इतका नेमका बसला.

अण्णा बघत राहिले. मग घरातल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "आता कशाला घेतलास रं?"

माझी नोकरीच चुका शोधायची आहे. स्कॅनरने घेतलेल्या त्या तिन्ही मापांच्या फाइल्स अजून लॅपटॉपमध्ये आहेत. चूक माझी निघाली तर निदान अण्णांना सांगता येईल, की देव नाही म्हणाला नव्हता, पोरीने माप चुकवलं होतं. म्हणून रोज उघडून बघते. सापडत नाही.