कॅझिमिर डुडेकचा आठ

चाळीस वर्षं विल्क्स-बॅर गावात टपाल वाटून कॅझिमिर डुडेक निवृत्त झाला, पण स्वतःच्या नजरेवरचा त्याचा विश्वास काही निवृत्त झाला नाही. सत्तर वर्षांपूर्वीचं, एका बेसबॉलपटूचं चित्र असलेलं कार्ड त्याच्याकडे होतं. अशी कार्डं तपासून गुण देणाऱ्या कंपनीने ते भिंगाखाली पाहिलं, दहापैकी सात गुण दिले आणि तो आकडा छापलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवलं. अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या कार्डबाजारात कार्डांचा व्यापारी लॉइड डेटवायलर याने लगेच चौदाशे डॉलर देऊ केले.

कॅझिमिरच्या बायकोला, बर्नाडीनला, ॲरिझोनातल्या बहिणीला भेटायचं होतं. बहीण एक्क्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. बर्नाडीनला विमानाची धास्ती. चौदाशेत रेल्वेच्या झोपायच्या डब्याची दोन तिकिटं येत होती.

"विकून टाक," ती म्हणाली.

"अगं, हे सात नाहीच मुळी! चारी कोपरे बघ. आठ आहे, आठ. आठाला पाच हजार मिळतात."

"कार्ड तेच ना?"

"कार्ड तेच. आकडा वेगळा."

"मग तू विकतोयस काय, कार्ड की आकडा?"

कॅझिमिरने उत्तरादाखल पक्कड काढली. त्याने डबी फोडली आणि कार्ड पुन्हा तपासणीला धाडलं. बर्नाडीनने रविवारी चर्चमध्ये एक मेणबत्ती जास्त लावली. कशासाठी, ते सांगितलं नाही.

पाच आठवड्यांनी कार्ड आलं. सहा.

लॉइडने नवी डबी उलटसुलट करून पाहिली. "सहाशे."

"अरे, तेच कार्ड आहे! तूच चौदाशे म्हणाला होतास!"

"ठाऊक आहे रे बाबा. पण माझं गिऱ्हाईक कार्ड कुठे बघतं? जुनी डबी आण, आत्ता चौदाशे देतो."

"ती फोडली."

"मग सहाशे. कॉफी माझ्याकडून."

सहाशेत बसची दोन तिकिटं आली. ओहायो ओलांडेपर्यंतच कॅझिमिरचे गुडघे आखडले. शेजारी बर्नाडीन जपमाळ ओढत होती. उशिरा का होईना, बहीण भेटणार होती. देवाचे आभार मानायला तेवढं पुरेसं होतं.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "खालचा डावा कोपरा त्यांनी नीट बघितलाच नाही..."

"कॅझ," हातातला मणी न सोडता ती म्हणाली, "पुढच्या थांब्यावर उतरवीन हं तुला."

मैलभराने तो खालच्या उजव्या कोपऱ्यावर आला.