चंद्रावरची माती आणि हॉलमधला प्लग

आप्पा गेले त्या सकाळी मी चंद्राची वीज बंद केली.

म्हणजे झालं असं. आमची ऋतुजा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. यान चंद्रावर उतरताना त्याच्या रॉकेटच्या झोताने माती कशी आणि कुठवर उडते, ते कॉम्प्युटरवर हुबेहूब घडवून बघायचं, हा तिचा प्रोजेक्ट. मातीचे लाखो कण, आणि प्रत्येकाची वाट वेगळी! इंदिरानगरच्या आमच्या हॉलमध्ये तो कॉम्प्युटर नऊ दिवस अखंड घरघरत होता. शेजारच्या कॉटवर आप्पा, म्हणजे माझे वडील, तेही घरघरत होते. सगळा जन्म पिंपळगावकडच्या द्राक्षबागेत गेलेला माणूस. छातीत पाणी झालेलं, पण नजर पडद्यावर.

"माती वर नाय उडायची, पोरी," ते सांगत. "फवारणीचा ब्लोअर खाली झुकला का माती जमिनीलगत आडवी पळती. लय लांब. बघ तू."

"गुरुवारी कळेल, आप्पा."

"तवर ऱ्हातो मी."

बुधवारीच गेले.

धाकटा भाऊ कॅनडात. तो येईपर्यंत थंड शवपेटी मागवली. तिचा प्लग हा एवढा जाडजूड! तो बसेल असं एकच सॉकेट हॉलमध्ये, आणि त्यात ऋतुजाचा कॉम्प्युटर. पेटीवाला म्हणाला, "काका, उरका, ऊन वाढतंय." मी डोळे पुसत पुसत प्लग उपटला.

लगेच टेबलाखालून आवाज सुरू झाला. टीं... टीं... टीं...

आप्पांची बहीण, म्हणजे कळवणची आत्या, रडायची थांबली. "आरं, वाजतंय काय तरी! दादाच्यात धुगधुगी हाय का बघा!"

सगळे आप्पांकडे धावले. एका चुलतभावाने तर छातीला कान लावला! वीज तुटली म्हणून कॉम्प्युटरचा यूपीएस ओरडतोय, हे फक्त मला ठाऊक. (सांगायचं सोडून मी काय करावं?) टेबलाखाली शिरलो आणि त्याचं बटण दाबून धरलं. टीं बंद. त्याबरोबर कॉम्प्युटरची घरघरही बंद. आणि मग आत्याने पहिल्यापेक्षा मोठा हंबरडा फोडला. आप्पा आमच्या घरात दोनदा गेले, दुसऱ्यांदा माझ्यामुळे.

पोरीची नऊ दिवसांची मेहनत मी मातीत घातली होती. कोणालाच बोललो नाही.

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला. समोरच्या भिंतीवर सात कावळे, पण एक हलेल तर शपथ!

"आईला नीट सांभाळू, आप्पा!" भाऊ म्हणाला. कावळे ढिम्म.

"बाग विकणार नाही!" माझे काका म्हणाले. एका कावळ्याने पाठ फिरवली.

"काय तरी ऱ्हायलंय त्याच्या मनात," आत्या म्हणाली. गुरुजी घड्याळ बघत होते. मागे आणखी चार दहावे खोळंबलेले. माझ्याच्याने राहवेना. मी हात जोडून ओरडलो, "चुकलो, आप्पा! प्लग मीच काढला!"

चाळीस माणसं दोन पावलं मागे सरकली.

"कसला प्लग?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं. "ऑक्सिजनचा?"

"कॉम्प्युटरचा," ऋतुजा पुढे आली. मग पिंडाकडे बघून म्हणाली, "आप्पा, तासातासाला आपोआप सेव्ह होत होतं. थोडंच गेलं. त्याच संध्याकाळी माझ्या खोलीत पुन्हा चालू केलं. तुमचंच खरं निघालं. माती आडवीच पळाली. खूप लांब."

कावळा आला.

"तुला माहीत होतं?" मी नंतर विचारलं.

"बाबा, यूपीएसचा गळा दाबणारं आपल्या घरात दुसरं आहे कोण?"

ती उडणारी माती मी नंतर एकट्याने बघितली आणि खूप रडलो. एक दिवस, फक्त एक दिवस कमी पडला आप्पांना.

तेव्हापासून घरात मला मिक्सरचा प्लगसुद्धा काढू देत नाहीत. आणि माझ्या दहाव्याला कावळा अडलाच, तर काय म्हणायचं तेही ऋतुजाने ठरवून ठेवलंय: "बाबा, प्लग परत लावलाय. जा आता निवांत!"